अकरा जणांची अकरा औषधं

प्रश्न : ताई, घरामागच्या सांदवाडीतल्या भेंडीच्या शिरा पिवळ्या पडल्या. मोबाईलवरच्या बागवाल्यांच्या ग्रुपात फोटो टाकला, तर अकरा जणांनी अकरा औषधं सांगितली : ताक, राख, युरिया… यजमान म्हणतात, सोड तो ग्रुप. सोडू का? – एक वाचक, दारव्हा तालुका

उत्तर : सोडू नको वं. तू फोटो पाठवलास, पण पान उलटून पाहिलंस का? खाली बारीक पांढऱ्या माश्या असतील आणि शिरांची पिवळी जाळी दिसत असेल, तर तो हळद्या. विषाणूचा रोग आहे, या माश्याच तो पसरवतात. ताकानं जात नाही, युरियानं तर नाहीच. रोगट झाडं उपटून जाळ. उरलेल्यांवर 5 टक्के निंबोळी अर्क मार, म्हणजे 10 लिटर पाण्यात अर्धा किलो निंबोळी : कुटून रात्रभर भिजव, गाळ, संध्याकाळी फवार. पिवळे चिकट सापळेही लाव.

आता ग्रुपाचं. विचारताना पेरणी कधी, माती काळी की मुरमाड, पाणी किती दिवसांनी, हे लिही. औषध सांगणाऱ्याला गाव विचार. कोकणातल्या माणसाला आपला विदर्भातला 45 अंशांचा मे काय ठाऊक? मी एकदा ‘सांबार जळाला’ लिहिलं, तर पुण्याच्या बाईनं गॅस मंद ठेवायला सांगितलं! मग कळलं, तिकडे त्याला कोथिंबीर म्हणतात. तिनंच पुढे दुपारी जुन्या लुगड्याची सावली करायला सुचवलं. यंदा मेमध्येही माझ्याकडे चार जुड्या निघाल्या.