जुन्या ट्रॅक्टरचा नवा रंग तडकला, वरून एक हात मारून चालेल का?

नाही चालणार. तुम्ही लिहिलंय की आजोबांचा महिंद्राचा बी-२७५ ट्रॅक्टर गावाहून आणून इथे मुंबईत रंगवून घेतला, दिवाळीत आरशासारखा होता, आणि पावसाळा सरता सरता बोनेटवर नि मडगार्डवर भेगा आल्या. पेंटर म्हणतो एक कोट मारतो, झाकून जाईल. कुर्ल्यात २२ वर्षं डेंटिंग-पेंटिंग करतोय म्हणून सांगतो, नव्या कोटचं थिनर भेगेत उतरतं, कडा फुगवतं, आणि काही महिन्यांत त्याच रेषेवर रंग पुन्हा फाटतो.

आधी कुठला थर फाटलाय ते शोधा. मगरीच्या पाठीसारखी बारीक जाळी असेल तर रंग जाड मारलाय किंवा पहिला कोट ओला असतानाच दुसरा चढवलाय. सुरकुत्या असतील तर खाली जुना सिंथेटिक एनॅमल राहिला आणि वर एनसीचं, म्हणजे नायट्रोसेल्युलोज रंगाचं, कडक थिनर बसलं. एक-दोन लांब रेषा, नखाला कडा लागते, तर लांबी, म्हणजे पोचे भरायची पुट्टी, फुटलीय. भेगेच्या काठावर तांबूस डाग दिसला तर पाणी पत्र्यापर्यंत पोचलंय, तिथे थांबायला वेळ नाही.

आता खात्री करा. भेगेवरच रुपयाच्या नाण्याएवढी जागा ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने, पाणी लावून, मधोमध पत्रा दिसेपर्यंत घासा. भोवती गोल कडी उमटतात: बाहेर तुमचा नवा लाल, मग राखाडी सर्फेसर, म्हणजे रंगाखालचं अस्तर, मग पिवळट लांबी, कधी त्याच्याखाली आजोबांच्या वेळचा विटका लाल. भिंग धरून बघा, भेगेची काळी रेष किती कडी ओलांडून आत जाते. जिथे थांबते तो थर खराब. कोरडं घासू नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं.

मडगार्डवर लोहचुंबक नक्की फिरवा. माझ्याकडे जुन्नरहून असाच एक बी-२७५ आला होता. चुंबक बोनेटला चिकटायचा, डाव्या मडगार्डवर मात्र घसरून पडायचा. ग्राइंडर लावला तर बोटाएवढी जाड लांबी निघाली. पोचा ठोकून काढायचा सोडून भरून टाकला होता. शेतात मडगार्डवर माणूस बसतोच. पत्रा लवतो, लांबी लवत नाही, मग फुटते. त्याला कितीही भारी रंग मारा, तो टिकणार नाही.

दुरुस्ती अशी. फक्त वरचा रंग फाटला असेल तर ३२० ने भेग पूर्ण नाहीशी होईपर्यंत खाली घ्या. भेगेत लांबी भरायची नाही. मग सर्फेसर, वाळल्यावर ८०० ने पाण्याचा हात, मग रंग. लांबी फुटली असेल तर तेवढा भाग पत्र्यापर्यंत साफ करा, पोचा हातोडी-डॉलीने (डॉली म्हणजे पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) काढा, गंज घासा, आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारा. उघडा पत्रा मुंबईच्या हवेत रात्रभर ठेवला की सकाळी पिवळा पडतो. लांबी पातळ, दोन-तीन मिलिमीटरच्या वर नको. तिच्यात हार्डनर, म्हणजे तिला घट्ट करणारं मिश्रण, अंदाजाने टाकतात ते सगळ्यात वाईट. साधारण शंभराला दोन भाग पुरतो. जास्त झाला तर रंगातून डाग वर येतो.

रंगाच्या दोन कोटांत दहा-पंधरा मिनिटं तरी सोडा, डब्यावर जास्त लिहिली असतील तर तेवढी. पीयू, म्हणजे पॉलीयुरेथेन रंग, मारणार असाल तर रुमाल बांधून भागत नाही, त्याच्या हार्डनरने फुप्फुसं खराब होतात. कार्ट्रिजचा मास्क घाला. माझ्या ओळखीतल्या दोघांना त्यावरून दमा लागलाय, म्हणून हे आग्रहाने सांगतो.

तांबूस डाग नसेल तर काम आता घाईने करू नका, ऑक्टोबरचं ऊन पडू द्या. दमट हवेत कंप्रेसरच्या टाकीत पाणी साठतं आणि गनमधून रंगाबरोबर पत्र्यावर येतं. पेंटरला सांगा, सुरू करण्याआधी टाकीचा कॉक उघडून पाणी काढ. आणि सायलेन्सरजवळच्या भागाला उष्णतेचा वेगळा रंग लागतो, तिथे बोनेटचा रंग नको.

बी-२७५ कांदिवलीत बनायचा. १९६३ साली महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टासबरोबर मिळून ट्रॅक्टरची कंपनी काढली, तिचा तो. म्हणजे तुमच्या आजोबांची गाडी इतक्या वर्षांनी आपल्याच शहरात परत आलीय. तिला घाईचा हात लागू नये असं मनापासून वाटतं. नाण्याएवढी जागा घासली की कड्यांचा जवळून फोटो टाका, थर बघून सांगतो.