आईला ‘मिसेस’ कोण म्हणतं?

न्यू जर्सीच्या ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. सगळं पत्र पुस्तकावर आहे, म्हणजे अकरावीतल्या लेकीला शाळेने टोनी मॉरिसन या अमेरिकन लेखिकेची ‘द ब्लूएस्ट आय’ ही कादंबरी लावलीय, त्यात बाप पोटच्या पोरीवर बलात्कार करतो, असलं घाण मुलांना कशाला आणि शाळेला कडक मेल टाकू का. आणि मधेच एक ओळ, सुट्टीत भाची येऊन गेल्यापासून लेक मला आई न म्हणता मिसेस आणि आडनाव असं म्हणते, टीनएजची नाटकं, दुसरं काय.

नाटकं नाहीत हो बाई. तुम्ही पुस्तक चाळून बलात्कार तेवढा शोधलात, लेकीने सगळं वाचलंय. पुस्तक 1970 चं, गोष्ट 1941 च्या आसपासची, ओहायोतलं लोरेन. पिकोला नावाची अकरा वर्षांची काळी पोर, तिला निळे डोळे हवेत, म्हणजे मग लोक तिच्याकडे नीट बघतील. ही पोर स्वतःच्या आईला मिसेस ब्रीडलव्ह म्हणते! आई गोऱ्यांकडे कामाला, तिथली चिमुरडी मात्र तिला खुशाल पॉली म्हणते. एकदा त्या किचनमध्ये पिकोलाच्या हातून गरम गरम ब्लूबेरी कॉबलर, म्हणजे फळांचा भाजलेला गोड पदार्थ, सांडतो, तिचे पाय भाजतात, आणि आई काय करते, तर फरशी खराब केली म्हणून तिलाच बडवते आणि रडणाऱ्या गोऱ्या पोरीला जवळ घेऊन गप्प करते. ती पोरगी विचारते कोण होत्या त्या, तर ‘माझी मुलगी’ एवढंसुद्धा या बाईच्या तोंडून निघत नाही. मला विचाराल तर बापाच्या आधी पोरीला इथेच कोणीतरी संपवलंय.

आता तुमच्याच पत्रात भाचीबद्दल काय लिहिलंय बघा, ‘गोरीपान, घारे डोळे, अगदी आमच्या माहेरची’. मग लेक कुणाची?

मेल राहू दे. आज रात्री तिच्या खोलीत जा, तिच्याकडून ते किचनचं प्रकरण मागून घ्या, तिथेच बसून वाचा आणि भाचीचं नाव घेऊन विचारा, ती आलेली तेव्हा मी काय बोलले गं. मग गप्प बसा. ‘अगं मी तसं नव्हते म्हणाले’ नको, आणि तूपण किती गोड दिसतेस हे तर अजिबात नको, ते तिला लगेच कळेल. परत आई कधी म्हणेल ते मात्र मला विचारू नका.