गावात कॅसिनो येतोय? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

गोव्यात पेडणे तालुक्यातल्या धारगळला मोठा रिसॉर्ट आणि त्यात कॅसिनो, ही चर्चा सुरू झाल्यापासून पेडणे, सावंतवाडी, दोडामार्ग इकडून तेच ते प्रश्न येतायत. मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. वकील नाही, अर्थतज्ज्ञही नाही. पण या धंद्याचा उरलेला हिशेब माझ्याच टेबलावर येतो, म्हणून उत्तरं देते.

आमच्या सिंधुदुर्गात कॅसिनो निघू शकतो का? जमिनीसाठी एजंट फिरतोय.

नाही. महाराष्ट्राचा १९७६ चा कॅसिनो कायदा कधी लागूच झाला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. टोकन घेण्याआधी वकील गाठा.

कॅसिनो आला तर पोरांना नोकऱ्या मिळतील, पंचायतीला पैसा मिळेल. मग विरोध कशाला?

काही नोकऱ्या मिळतील, हे मी नाकारत नाही. पण सभेत सांगितला जातो तो आकडा तोंडी असतो. कायम किती, कंत्राटी किती, स्थानिक किती, हे लेखी मागा. आणि जीएसटी केंद्र आणि राज्य वाटून घेतात, परवान्याचं मोठं शुल्क राज्याच्या तिजोरीत जातं. पंचायतीच्या हाती नेमकं काय पडेल, ते एखाद्या सीएकडून मांडून घ्या.

अमेरिकेतलं अटलांटिक सिटी वस्तीने साधारण पणजीएवढं. १९७६ साली मतदान होऊन कॅसिनोला होकार मिळाला, १९७८ ला पहिला उघडला. पुढे शेजारच्या राज्यांनीही कॅसिनो काढले, गिऱ्हाईक वाटलं गेलं आणि २०१४ या एका वर्षात तिथले चार बंद पडले. एकाच धंद्यावर गाव उभं करताना हे डोळ्यांपुढे असू द्या.

मित्र म्हणतो, रूलेटवर हरलं की पुढचा डाव दुप्पट लावायचा, पैसे परत येतातच. खरं का?

खोटं. रूलेटच्या चाकावर सहसा ३७ घरं असतात : १८ लाल, १८ काळी आणि एक शून्याचं. ते शून्य कॅसिनोचं. लाल-काळ्यावर हजाराचे चाळीस डाव लावले तर सरासरी अकराशेच्या आसपास रुपये जातात. आता दुप्पट करून पाहा. ५०० पासून सुरुवात केली आणि सलग सात डाव हरलात, तर ६३,५०० गेलेले असतात आणि आठवा डाव ६४,००० चा लावावा लागतो. टेबलावर कमाल रकमेची मर्यादा असते ती याच ठिकाणी आडवी येते. प्रवेशाच्या पॅकेजमध्ये ‘फुकट’ मिळणारी कूपनंही पुष्कळदा नुसती खेळायची असतात, त्यांचे पैसे मिळत नाहीत. माणूस टेबलाशी बसावा, एवढ्यासाठीच ती दिलेली असतात.

भावाने चार लाख घालवले. मी शेत गहाण टाकून ‘शेवटचं’ म्हणून ते फेडतोय. पण हा आमच्या घरचा प्रश्न. गोवेकरांना तर आत बंदीच आहे, मग गावाने का अडवावं?

आधी शेताचं. आज सही करू नका.

माझ्याकडे एक आई आली होती. तिने पिशवीतून सोनं गहाण ठेवल्याच्या तीन पावत्या काढून टेबलावर एकाखाली एक लावल्या. प्रत्येक वेळी मुलगा पाया पडून रडला होता, प्रत्येक वेळी ‘हे शेवटचं’ होतं. मुलगा बाजूला मान खाली घालून बसला होता. पहिल्या पावतीला तीन वर्षं झाली होती. ही तीन वर्षं वाया गेली, कारण घरचे कर्ज फेडत राहिले आणि दुखणं तसंच राहिलं. जुगाराचं व्यसन हा आजार आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत आहे. गुपचूप कर्ज फेडलं की रोग्याला कळतं ते एवढंच : पुढच्या वेळीही कोणीतरी सोडवेल. आधी सगळ्या देण्यांची यादी त्याच्याच हाताने लिहून घ्या, सावकार आणि मोबाइलवरच्या कर्जांसकट. एटीएम कार्ड घरच्या माणसाकडे द्या, आणि त्याला घेऊन मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था आहे, तुमच्याकडे जिल्हा रुग्णालय आहे. तो जिवाचं काही बोलला तर थांबू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक रात्रीही लागतो.

आता गावाचं. १ फेब्रुवारी २०२० पासून बंदी आहे ती गोवेकरांना. सावंतवाडीचा माणूस तिथे पर्यटकच ठरतो. आज पणजीला मांडवीतल्या जहाजावर जायचं तर अख्खी रात्र मोडते, घरी थाप मारावी लागते. धारगळला कामावरून सुटल्यावर जाता येईल. व्यसनात हे अंतर फार मोलाचं असतं, आणि कॅसिनो जवळ आला की नेमकं तेच जातं. सिंगापूरने स्थानिकांना दिवसाला १५० सिंगापूर डॉलर प्रवेशशुल्क लावलं आणि घरच्यांच्या अर्जावरून माणसाला दारातच अडवायची सोय केली. आपल्याकडे अशी सोय कोण करणार, हे परवानगीच्या आधी विचारायला हवं.

मुलाला कॅसिनोत डीलरची, म्हणजे टेबलावर पत्ते वाटायची, नोकरी लागतेय. जाऊ देऊ?

तो सज्ञान आहे, त्याचं त्याला ठरवू द्या. रात्रपाळी, झोप आणि उसनवारी यांवर लक्ष ठेवा. उसनवारी सुरू झाली तर महिनाभर वाट पाहू नका, घेऊन या.

ग्रामसभा पुढच्या रविवारी आहे. नेमकं काय विचारावं?

पहिलं : परवाना कशाचा? गोव्याच्या १९७६ च्या कायद्यात जमिनीवर फक्त पंचतारांकित हॉटेलात, यंत्रावरचे खेळ चालतात. टेबलावरचे खेळ जहाजावर. मग इथे काय चालणार? दुसरं : समुपदेशकाचा पगार कोण देणार, किती वर्षं? तिसरं : आवारात एटीएम असेल का? ‘आधी ना हरकत देऊ, तपशील मागाहून’ असं कोणी म्हणालं तर तिथेच उभे राहा. मागाहून तपशील येत नाहीत. सभेला जाण्याआधी वकिलाला कागद दाखवा. तुमचा प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा आणि सही-शिक्क्याची प्रत त्याच आठवड्यात मागून घ्या.