बुकिंग झाल्यावरही यादीत खोली रिकामीच का दिसते? (इव्हेंट सोर्सिंग)

तुमची अडचण मला कळली ती अशी: म्हापशाच्या होमस्टे-बुकिंग साइटला इव्हेंट सोर्सिंग लावलंय (प्रत्येक बदल ‘इव्हेंट’ म्हणून क्रमाने नोंदवायचा आणि त्या नोंदींवरून सध्याची स्थिती काढायची), इव्हेंट स्टोअरमध्ये, म्हणजे त्या नोंदींच्या साठ्यात, नोंद लगेच पडते, पण ग्राहक यादीवर परतला की तीच खोली रिकामी. रिफ्रेश केलं की बरोबर. म्हणून क्वेरीला, म्हणजे यादी मागणाऱ्या विनंतीला, अर्धा सेकंद थांबवू का, असं विचारलंय.

थांबवा, पण घड्याळ लावून नको. डिसेंबरच्या शेवटी गर्दी वाढली की तो अर्धा सेकंद पुरणार नाही आणि जुलैत उगाच वाया जाईल.

पर्वरीत आम्ही असंच एक ॲप सांभाळतो. कमांड (बुकिंगसारखी, बदल करणारी विनंती) पार पडली की सर्व्हर उत्तरात इव्हेंटचा क्रमांक देतो, समजा 118. यादी मागताना ब्राउझर तो सोबत पाठवतो. प्रोजेक्शन, म्हणजे इव्हेंट वाचून मागाहून यादी तयार करणारा भाग, अजून 117 वर असेल तर क्वेरी थांबते. हे थांबणं असिंक्रोनस असल्यामुळे सर्व्हरचा थ्रेड त्यात अडकत नाही, तो दुसरी कामं करू शकतो. दोन सेकंदांत 118 आला नाही, तर आहे ती यादी आणि वर ‘अपडेट होत आहे’ची पट्टी.

इतरांच्या स्क्रीनसाठी सबस्क्रिप्शन (बदल झाला की सर्व्हरने आपणहून कळवणं) लागेल, आणि क्रम चुकतो तो इथे. आधी यादी आणून मग सबस्क्राइब केलं, तर मधल्या फटीतला बदल हुकतो. आधी सबस्क्राइब करा, येणारे बदल बाजूला ठेवा, मग यादी आणा आणि यादी ज्या क्रमांकाची आहे तिथपर्यंतचे बदल टाकून द्या. वेबसॉकेट (दुतर्फा कनेक्शन) कशाला, सर्व्हर-सेंट इव्हेंट्स (सर्व्हरकडून ब्राउझरकडे एकतर्फी संदेश) पुरतात: कनेक्शन तुटलं की ब्राउझर आपणहून पुन्हा जोडतो आणि शेवटी मिळालेल्या संदेशाचा आयडी कळवतो. पावसात इथलं नेट कसं असतं ते तुम्हाला ठाऊक आहेच.

स्टोअर पोस्टग्रेस डेटाबेसवर असेल तर एक खोच आहे. सीक्वेन्सने (त्यातल्या क्रमांक वाटणाऱ्या सोयीने) 119 आणि 120 असे क्रमांक दिले, तरी 120 आधी कमिट होऊ शकतो, म्हणजे त्याची नोंद आधी पक्की होऊ शकते. ‘120 च्या पुढचे द्या’ म्हणणारं प्रोजेक्शन मग 119 कधीच वाचत नाही. छोट्या साइटला ॲडव्हायझरी लॉक (एका वेळी एकालाच मिळणारं कुलूप) घेऊन एकेक नोंद करणं परवडतं. नोटिफायवरही (नवी नोंद आली असं कळवणाऱ्या पोस्टग्रेसच्या संदेशावर) पूर्ण भिस्त नको. ऐकणारा जोडलेला नसेल तर तो संदेश गेलाच. नोटिफाय फक्त प्रोजेक्शनला जाग आणायला वापरा, वाचायचं टेबलातूनच.

आणि यादीत रिकामी दिसली म्हणून खोली देऊन टाकू नका. कमांडच्या वेळी त्या खोलीच्या स्ट्रीमची (तिच्या इव्हेंटांच्या मालिकेची) आवृत्ती अपेक्षेप्रमाणेच आहे का, म्हणजे मधे दुसरा बदल झालेला नाही ना, ते तपासा; जुळली नाही तर बुकिंग नाकारा. यादी थोडी मागे राहिली तर चालेल, एकाच खोलीच्या दारात दोन कुटुंबं बॅगा घेऊन उभी राहिलेली चालणार नाहीत.