बाबा कुत्रीशी बोलले, माझ्याशी नाही

रुग्णालयात थेरपी डॉग, म्हणजे रुग्णांना भेटायला तयार केलेला कुत्रा, येतो म्हटलं की नातेवाईक पहिली शंका संसर्गाची काढतात. ती चारचौघांत विचारता येते. दुसरी शंका मात्र मला एकटीला गाठून, आवाज खाली आणून विचारली जाते. मालवणकडच्या एका लेकीने ती विचारली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. "मॅडम, बाबा त्या कुत्रीशी बोलले. महिनाभर माझ्याशी एक शब्द नाही. माझ्यावर रागावलेत का ते?"

ओळख पटू नये म्हणून इथे काही तपशील बदलले आहेत. तिच्या वडिलांना वॉर्डात सगळे तात्या म्हणत. उभा जन्म रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं मासेमारीचं जाळं, ओढण्यात गेलेला माणूस. पक्षाघाताचा झटका आला, गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात उपचार झाले, जीव वाचला. पण उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. पुढच्या व्यायामासाठी ते आमच्या पुनर्वसन वॉर्डात आले. समोरच्याचं बोलणं त्यांना बरंचसं कळायचं, पण तोंडातून शब्द निघत नसे. फिजिओथेरपिस्ट आल्या की ते भिंतीकडे तोंड करून झोपत.

आमच्याकडे एक निवृत्त शिक्षिका त्यांची प्रशिक्षित लॅब्राडोर घेऊन येतात. तिला इथे राणी म्हणते. तात्यांना आधी विचारलं, कुत्रा जवळ आणू का? त्यांनी मान हलवली. ही परवानगी रुग्णाचीच हवी. घरच्यांना हौस आहे म्हणून कुत्र्याला घाबरणाऱ्या माणसाच्या खाटेशी कुत्रा उभा करणं हा अत्याचार आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

राणीने खाटेच्या कडेला, घातलेल्या स्वच्छ चादरीवर हनुवटी टेकली. तात्या बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. डावा हात पुढे गेला, कानामागे खाजवू लागला. आणि ते मालवणीत म्हणाले, "इलंस?" म्हणजे, आलीस?

लेक पायथ्याशी उभी होती. तिला आनंद झाला, आणि लगेच ते लागलंही.

मी तिला आधी मेंदूची गोष्ट सांगितली. भाषेचं बरंचसं काम बहुतेकांच्या मेंदूच्या डाव्या भागात चालतं. तिथे इजा झाली की विचार करून, शोधून आणायचे शब्द अडतात. पण वर्षानुवर्षांच्या सवयीने आपोआप येणारे शब्द पुष्कळदा शाबूत राहतात: आकडे मोजणं, आरती, शिवी, दारात आलेल्याला म्हणायचं 'इलंस'. रापण किनाऱ्याला लागली की मासळीच्या आशेने कुत्री भोवती जमतात. तात्या आयुष्यभर त्यांच्याशी असंच बोलत आले असणार. त्यामुळे तो शब्द शोधावा लागला नाही, तो आपसूक आला.

मग तिला विचारलं, "तू दिवसभर बाबांशी काय बोलतेस?" तिने मोबाइल दाखवला. नातवंडांचे फोटो. "हे कोण, सांगा बघू? नाव काय हिचं?" सकाळी, दुपारी, रात्री. सगळं प्रेमापोटी. पण नाव सांगणं हीच या आजारातली सगळ्यात अवघड गोष्टींपैकी एक. दरवेळी नापास व्हायचं, तेही पोटच्या लेकीसमोर. राणीने त्यांना एकही प्रश्न विचारला नव्हता. चुकलेला शब्द दुरुस्त केला नव्हता, की डोळ्यांत पाणी आणलं नव्हतं. रागाचा प्रश्नच नव्हता. लेकीसमोर त्यांना लाज वाटत होती, कारण लेकच जास्त जवळची.

कुत्र्यापाशी माणूस मोकळा होतो हे याआधीही दिसलं आहे. बोरिस लेविन्सन या अमेरिकन बालमानसतज्ज्ञाच्या खोलीत त्याचा जिंगल्स नावाचा कुत्रा होता. इतरांशी न बोलणारं मूल त्या कुत्र्याशी मोकळं झालं. लेविन्सनने 1960च्या दशकाच्या सुरुवातीला हे मांडलं तेव्हा अनेकांनी हसण्यावारी नेलं. आज जगभर रुग्णालयांत ही पद्धत रुळली आहे. तरीही कुत्रा म्हणजे औषध नव्हे. त्याच्यामुळे पक्षाघात बरा होत नाही. माणसाचा ताण उतरतो, व्यायामाला निमित्त मिळतं. आमच्या फिजिओथेरपिस्टनी पुढच्या खेपेला तात्यांच्या उजव्या हाताला पट्ट्याने ब्रश बांधला आणि राणीची पाठ विंचरायला लावली. खांद्याची जी हालचाल ते करायलाच तयार नव्हते, ती ते स्वतःहून करू लागले.

लेकीला मी एवढंच सांगितलं की परीक्षा थांबव. जवळ बस, तुझ्या घरच्या गोष्टी सांग, उत्तराची वाट न बघता. विचारायचंच तर 'चहा की पेज?' असं दोन पर्याय देऊन विचार, आणि मग गप्प राहा. त्यांचा शब्द तू पुरा करू नकोस. संध्याकाळी आरती म्हण, त्यांना सूर धरू दे. यातलं गप्प राहणं तिला सगळ्यात जड गेलं, कारण तसं बसणं म्हणजे आपण काहीच करत नाही असं तिला वाटायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आरतीच्या शेवटी शेवटी तात्यांचे दोन शब्द स्पष्ट आले. ती धावत सांगायला आली.

आता संसर्गाचं. शंका रास्त आहे. 2015 मध्ये अमेरिकेतल्या रुग्णालयीन संसर्ग-नियंत्रण तज्ज्ञांनी याबद्दल मार्गदर्शन केलं आहे: कुत्रा किमान एक वर्षाचा हवा, हात लावण्याआधी आणि नंतर हात स्वच्छ करायचे, भेटी तासाभराच्या आत आवरायच्या, आणि कच्चं मांस खाणारा कुत्रा चालणार नाही. आपल्याकडे कुत्र्यापुढे मासळीची डोकी सहज टाकतात, म्हणून हे मुद्दाम सांगते. रेबीजची लस हवीच. आणि कोकणातला पावसाळा म्हणजे लेप्टोचे, उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाचे दिवस, तेव्हा त्या लसीबद्दलही पशुवैद्यांना विचारावं. उघडी जखम, कमी झालेली प्रतिकारशक्ती, प्लीहा काढलेली असणं, अॅलर्जी, किंवा नुसती भीती, यांपैकी काहीही असेल तर कुत्रा जवळ न्यायचा नाही.

राणीचंही बघावं लागतं. ती ओठ चाटू लागली, जांभया देऊ लागली, मान फिरवू लागली की बाई तिला बाहेर नेतात. "अजून थोडा वेळ" असा आग्रह नातेवाईकांनी धरू नये.

तात्यांच्या मुलाने विचारलं, "घरचा कुत्रा आणला तर?" वॉर्डात नाही. घरी कितीही गुणाचा असला तरी ट्रॉलीचा खडखडाट, औषधांचे वास, कुणाचं तरी कण्हणं यांत तो बिथरू शकतो. थेरपी डॉगची याच गोष्टींसाठी तयारी आणि पारख झालेली असते.

तात्या काठी घेऊन घरी गेले. नातवंडांची नावं अजून येत नाहीत, पण लेकीचा फोन आला की ते "इलंस?" म्हणतात, आणि ती "नाय, सुट्टी गावली की येतंय" असं उत्तर देते. आता घरच्यांना त्यांच्यासाठी पिल्लू घ्यायचं आहे. मी थांबायला सांगितलंय. पिल्लू पायांत येतं, आणि एका बाजूने कमजोर माणूस पडला तर खुब्याचं हाड मोडायला वेळ लागत नाही. तोल सावरतोय असं फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या, की शांत स्वभावाचा मोठा कुत्रा बघावा, आणि त्याचं खाणंपिणं, लसी कोण करणार हे आधी ठरवावं.