भीती सॉफ्टवेअरची, की बंद पडलेल्या गिरणीची?

"एआयमुळे माझी नोकरी जाईल का?" चाळिशी ओलांडलेली माणसं हल्ली सारखी हेच विचारतात. इंदूरच्या कापड बाजारातले एक मुनीमजीही (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत) हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे सल्ल्यासाठी आले. शेठजींनी बिलाचा फोटो वाचून आपोआप एंट्री करणारं सॉफ्टवेअर घेतलं होतं. तेव्हापासून यांची झोप उडालेली, आणि घरी बायकोला पत्ताच नाही.

बोलता बोलता वडिलांचा विषय निघाला. गिरणी कामगार. गिरणी बंद पडली तेव्हा हे शाळेत होते. "मशीन आलं की माणूस बाहेर, ताई." इथं मी त्यांना थांबवलं. इंदूरच्या गिरण्या नव्या यंत्रांनी नाही बुडाल्या. जुनाट यंत्रं, पॉवरलूमची स्पर्धा आणि वाढत्या तोट्यानं बुडाल्या. हुकुमचंद मिल 1990च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा प्रश्न सुटला डिसेंबर 2023मध्ये. नोकरी जाणं हा घाव होताच, पण हक्काचा पैसा तीस वर्षं अडकणं हा माझ्या मते त्याहून खोल.

पुढच्या वेळी त्यांना एक बिल आणायला सांगितलं. सुरतच्या व्यापाऱ्याचं होतं. त्यांनी लगेच बोट ठेवलं, "जीएसटी नंबर 24नं सुरू होतो, म्हणजे गुजरात. आपला मध्य प्रदेशचा 23. दोन राज्यांतला व्यवहार, इथं आयजीएसटी हवा, बिलावर एकाच राज्यातल्या व्यवहाराचा सीजीएसटी-एसजीएसटी टाकलाय." आवाज एकदम ठाम. तरी "मशीनला तुमची सर यायची नाही" असं मी म्हटलं नाही. अशी चूक पकडायला मशीनही उद्या शिकेल, आणि खोटा धीर चार दिवससुद्धा टिकत नाही. मात्र कोणती पार्टी दिवाळीनंतरच उधारी चुकवते, कोणाला फोन पुरतो आणि कोणाच्या दुकानी जाऊन बसावं लागतं, हे फक्त त्यांना ठाऊक होतं.

त्यांनी आधी बायकोला सांगितलं. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढायचं दोघांनी ठरवलं. शेठजींना "एंट्री गेली तर माझं काम काय?" असं सरळ विचारणं सगळ्यांत जड गेलं. शेठजींनी तपासणी आणि वसुली त्यांच्याकडे दिली, पगार तोच ठेवला.

एंट्री करणारा मुलगा सोडून गेला, त्याच्या जागी मात्र कोणी घेतलं नाही. आता नुकतीच बी.कॉम. झालेली मुलंही माझ्याकडे येतात. बाजाराची वीस वर्षांची ओळख त्यांच्या गाठीशी नाही. त्यांना मी एखाद्या सीएकडे बसून तपासणी शिकायला सांगते, आणि त्यांच्या आईवडिलांना, वर्षभर पगाराची घाई करू नका म्हणून.