पत्रा टाकला म्हणजे विहीर संपली का?

प्रश्न: ताई नमस्कार, आमचा रामबागेत जुना वाडा आहे. मागच्या अंगणात सासऱ्यांच्या वेळची विहीर आहे, नर्मदेचं पाणी नळाला आलं तेव्हापासून कुणी वापरत नाही, वर पत्रा टाकून कुंड्या ठेवल्यात. धाकटे दीर म्हणतायत स्लॅब टाकू आणि गाडी लावू. कोपऱ्यात एक आटलेला बोअर पण आहे, आणि भाडेकरूंचा बंद पडलेला फ्रिज. सुट्टीत नातवंडं तिथंच लपाछपी खेळतात. काय करावं? – रामबागेतल्या एक काकू, इंदूर

उत्तर: काकू, आधी दिरांना थांबवा. स्लॅब टाकली की विहीर दिसेनाशी होते, पण जात नाही हो, आणि पाच-दहा वर्षांनी खाली काय आहे ते घरातलीच माणसं विसरतात. आपल्याच गावात 30 मार्च 2023 ला रामनवमीला बेलेश्वर महादेव मंदिरात काय झालं आठवतंय ना, बावडीवर स्लॅब टाकून वर बांधकाम केलेलं, लोक हवनाला बसलेले आणि स्लॅब खचली, 36 माणसं गेली. तुमचा पत्रा तर त्याहून वाईट, खालून गंज खातो आणि वरून कुंड्यांमुळे कळत पण नाही.

विहीर दिसायलाच हवी. कमरेएवढा कठडा बांधून घ्या आणि वर जाड सळ्यांची जाळी, कुलूप लावून, म्हणजे पाऊस आत जाईल, पोरगं नाही. गच्चीचं पाणी गाळून तिच्यात सोडता येतं का ते पण एखाद्या जाणकाराला विचारून बघा. मलबा-कचरा टाकून बुजवू नका, भराव नंतर बसतो, खड्डा पडतो, आणि घाण जमिनीतल्या पाण्यात उतरते ती वेगळीच.

साफ करायला पण कुणाला असंच उतरवू नका बरं. बंद विहिरीत विषारी वायू साठतो, ऑक्सिजन कमी असतो, पहिला बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला दुसरा उतरतो तोही तिथंच राहतो. पूर्वी दिवा सोडून बघायचे, पण दिवा विझला नाही म्हणजे सगळं ठीक, असं मुळीच नाही. कुणी पडलंच तर स्वतः उतरू नका, लगेच 112 लावा.

बोअरसाठी सुप्रीम कोर्टाने 2010 मध्येच सांगून ठेवलंय, तोंडावर स्टीलची प्लेट वेल्ड करा नाहीतर नट-बोल्टचं पक्कं झाकण बसवा, आणि सोडूनच दिलेला असेल तर तळापासून जमिनीपर्यंत माती-वाळू-दगडगोट्यांनी भरा. वर पोतं आणि त्यावर वीट, हे आपल्याकडचं झाकण त्यात बसत नाही. वाडा तुमचा म्हणजे हे सगळं तुम्हालाच करावं लागणार, गल्लीतली सार्वजनिक विहीर उघडी असेल तर मात्र महापालिकेच्या 311 अ‍ॅपवर तक्रार टाका.

आता फ्रिज. जुन्या खटक्याच्या हँडलचा असेल तर दार आतून उघडतच नाही, हवा थोड्या वेळात संपते, आणि रबरामुळे आवाज बाहेर येत नाही. अमेरिकेत मुलं अशी गेली म्हणून 1956 मध्ये कायदाच केला, दार आतून उघडायलाच हवं म्हणून. चुंबकाचं दार ढकललं तर उघडतं खरं, पण फ्रिज दारावर पालथा पडला किंवा पुढे ड्रम सरकला की संपलं. स्क्रू-ड्रायव्हर घ्या, बिजागऱ्यांचे स्क्रू काढा, दार वेगळं करा, आणि हे आज संध्याकाळच्या आत, भाडेकरूंच्या परवानगीची वाट बघत बसू नका. कुरकुरले तर सांगा, भंगारवाला वजनावरच घेतो, दार सुटं दिलं म्हणून भाव उतरत नाही.